पायांचा महिना

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या संस्कृती-भवनाच्या संचालिका आदरणीय आल्बिना गेन्रिखोव्ना; व्यासपीठावर विराजमान झालेले शाळेचे मुख्याध्यापक ग्लेब तिमोफेयेविच; नगरपालिकेतून खास वेळ काढून आलेले सन्माननीय पाहुणे, ज्यांचं नाव मला मघाशी दोनदा सांगण्यात आलं आणि माझ्या दोन्ही कानांनी ते सोडून दिलं; आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सर्वांच्या इंग्रजीच्या बाई रिम्मा सावेल्येव्ना; आणि समोर ओले कोट मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

कोट ठेवायच्या खोलीची किल्ली आज सापडत नाही, त्याबद्दल अध्यक्षांच्या वतीनं मीच दिलगिरी व्यक्त करते. मी बोलायला उभी राहिले की आल्बिना गेन्रिखोव्ना मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतात, हे मला दिसतं. ठेवा, ठेवा. खाली ग्रंथालयात पुस्तकांच्या संगतीत दिवस काढते मी. पुस्तकं उलटून बोलत नाहीत, म्हणून माणसं समोर आली की माझा बांध फुटतो.

ज्यांनी फुलं आणली त्यांना एक विनंती. देण्यापूर्वी एकदा मोजून घ्या. सम संख्येतली फुलं आपण फक्त कबरीवर नेतो हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि रिम्मा सावेल्येव्ना फक्त व्होलोग्दाला लेकीकडे चालल्या आहेत. गुडघ्यांना आता तिसरा मजला झेपत नाही म्हणून चालल्या आहेत. बाकी सगळं ठणठणीत आहे, विशेषतः आवाज.

तर बाईंच्या वर्गाबद्दल मी बोलावं असं ठरलं आहे. ग्लेब तिमोफेयेविच शाळेतल्या त्यांच्या कामाबद्दल फार सुंदर बोलले, पण मी शाळेतल्या बाईंना ओळखत नाही. मी ओळखते ते संध्याकाळी कामावरून सुटलेल्या, हाताला तेलाचा आणि माशांचा वास येणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना. या भवनाच्या दुसऱ्या मजल्यावर, नृत्यवर्गाच्या शेजारच्या खोलीत. भिंतीपलीकडे पोरींच्या टाचा वाजायच्या आणि आमची क्रियापदं त्याच ठेक्यात पाठ व्हायची.

बाईंची पद्धत तुम्हाला माहीत आहे. एक शब्द, एक महिना. फळ्याच्या मधोमध एक साधा शब्द लिहायचा. हात, पाणी, भाकर, डोकं. मग त्या शब्दाभोवती इंग्रजांनी काय काय बांधलंय ते एकेक करून मांडायचं. आणि नियम असा, की त्यातला वाक्प्रचार नुसता पाठ केलेला चालणार नाही. ज्याला तो वापरायचाय त्यानं आपल्या घरातला, आपल्या अंगावर आलेला प्रसंग सांगायचा. प्रसंग नसेल तर बाई म्हणायच्या, "मग अजून तो तुमचा नाही. बसा खाली. आधी जगा, मग बोला."

आमचा पायांचा महिना मला अजून आठवतो. बाईंनी सांगितलं, इंग्रज ऐन वेळी कच खातो तेव्हा त्याचे पाय थंड पडतात. झालं! गोदामाचे जखार लुकिच उभे राहिले. म्हणाले, "बाई, माफ करा, पण आपल्याकडे ऑक्टोबर ते मे अख्ख्या गावाचे पाय थंड असतात. म्हणजे सगळं गाव भित्रं समजायचं का?"

बाई म्हणाल्या, "जखार लुकिच, घाबरलात की तुमचा जीव कुठं जातो?"

"टाचेत जातो. सगळ्यांचाच जातो."

"मग झालं तर! आपला जीव टाचेत उतरतो, त्यांची टाच गार पडते. भीती दोघांकडेही पायाशीच राहते. आता घरचा प्रसंग सांगा."

जखार लुकिचनी लग्नाच्या दिवशीचा प्रसंग सांगितला. क्लावा, तू समोर बसली आहेस म्हणून मी तो इथं सांगत नाही.

आणखी एक होता. इंग्रज थट्टा करतो तेव्हा तो समोरच्याचा पाय ओढतो. बाईंनी विचारलं, आपण काय करतो? सगळा वर्ग एका सुरात, "आपण कानावर शेवया टांगतो!" बाई म्हणाल्या, "पाहा, अवयव वेगळा, पण बनवाबनवी तीच." पाय आपटणं म्हणजे घरात शेवटचा शब्द आपला ठेवणं. तिथं आपला माणूस टेबलावर मूठ आपटतो. यावर वर्गातल्या सगळ्या पुरुषांनी प्रसंग सांगायला हात वर केले आणि सगळ्या बायका हसायला लागल्या, म्हणून तो वाक्प्रचार त्या महिन्यात कुणालाच मिळाला नाही.

आणि शेवटचा होता तो रंगभूमीवर जाणाऱ्या नटाला द्यायच्या शुभेच्छेचा. तिकडं म्हणतात, 'पाय मोडो तुझा!' बाईंनी विचारलं, का बरं असं वाईट म्हणत असतील? याचं उत्तर द्यायला आम्हाला क्षणही लागला नाही. आपण तरी काय करतो? शिकारीला निघालेल्याला आपले पणजोबा म्हणायचे, 'ना पंख, ना पीस!' म्हणजे तुला काहीही न मिळो. जंगलाच्या कानावर चांगलं पडलं तर जंगल नाट लावील, म्हणून. आता जंगल राहिलं बाजूला, पण परीक्षेला निघालेल्या प्रत्येक पोराला आपण तेच म्हणतो आणि पोरानं उंबऱ्यावरून ओरडून सांगायचं असतं, 'जा सैतानाकडे!' न सांगता गेलं तर आजी जिन्यातून परत बोलावते. माझ्या नातवानं पहिलीच्या परीक्षेला जाताना मला सैतानाकडे धाडलं तेव्हा मी शेजारणीला सांगत सुटले होते, किती गुणी पोर आहे म्हणून!

हे सगळं मी का सांगतेय? अध्यक्षाही हेच विचारताहेत, नजरेनं. येते, मुद्द्यावर येते.

मित्रहो, आपलं गाव फाटकातलं. आज फाटकावरचा शिपाई जांभया देतो, पण तेव्हा पासाशिवाय माझी सख्खी बहीण आत येऊ शकत नव्हती, तिथं इंग्रज कुठून येणार? जिथं पाणबुड्या बांधतात तिथं परका माणूस औषधालाही मिळत नाही. म्हणजे बघा, ज्या बाईंनी या गावाच्या दोन पिढ्यांना इंग्रजी शिकवलं, त्यांनी जन्मात कधी इंग्रज पाहिला नव्हता. त्यांच्याजवळ होत्या मॉस्कोत निघालेल्या रेकॉर्डी. त्यांवर एक बाई आणि एक गृहस्थ, सदा स्टेशनचा रस्ता विचारणारे आणि चहा मागणारे. त्या दोघांचं पुढं लग्न झालं का, यावर वर्गात वाद व्हायचे. एका रेकॉर्डीवर 'आपण कृपा करून' याच्यानंतर ओरखडा होता, सुई अडकायची. म्हणून आपलं सगळं गाव इंग्रजीत कृपा मागितली की जरा थांबतं. हसू नका, तुम्हीही थांबता.

पुढं फाटक जरासं किलकिलं झालं. अर्खान्गेल्स्कला इंग्रज पाहुणे आले, तेव्हा बाईंना भेटीचं आमंत्रण आलं. बाईंना नेमका ताप भरला. पुढच्या वर्षी पुन्हा पाहुणे, पुन्हा ताप. मी तापावर उतारा म्हणून रास्पबेरीचा मुरंबा घेऊन धावत गेले, तर बाई स्टुलावर चढून खिडक्या धूत होत्या!

काय म्हणालात, रिम्मा सावेल्येव्ना? "पुरे कर, फाइना"? आज माझं ऐकावं लागेल. उद्या तुम्ही गाडीत बसणार, मग मी हे कुणाला सांगू?

मी विचारलं, "हा कसला ताप?" त्यांनी फडका बादलीत टाकला आणि म्हणाल्या, "फाइना, मी शिकवते ती भाषा खरंच कुणी बोलतं का गं? की ती फक्त त्या रेकॉर्डीवरचे दोघं आणि मी, आम्हीच बोलतो? मी समोर उभी राहून तोंड उघडलं आणि त्या माणसाला एक अक्षर कळलं नाही, तर? मग मी आजवर या लेकरांना काय शिकवलं?" मी म्हटलं, काहीतरीच तुमचं. पण याचं उत्तर मलाही माहीत नव्हतं. आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

आता वेन्याची गोष्ट. वेन्यामिन कोरेल्स्की, आपल्या कारखान्यातला पंपांचा मेकॅनिक. तिसऱ्या रांगेत त्याची लुस्या बसली आहे, शेजारी वेणीवाली त्यांची लेक. कारखान्याचं काम थांबलं त्या वर्षीची गोष्ट. ही वेणीवाली तेव्हा लुस्याच्या पोटात होती. परदेशी मालवाहू जहाजांसाठी माणसं हवी होती, तोंडी परीक्षा इंग्रजीत, अर्खान्गेल्स्कला. परीक्षा घेणारी बाई थेट इंग्लंडहून येणार, मिसेस पेनरोज. लुस्याला प्रवास झेपणारा नव्हता, आणि परीक्षेला माणसाला एकटं का पाठवायचं? म्हणून सोबत निघालो बाई आणि मी. आणि कॉड मासा भरून भाजलेले पिरोग.

बसमध्ये बाई वेन्याला शब्द विचारत होत्या. त्यांचा स्वतःचा आवाज मात्र बारीक बारीक होत चालला होता. मी म्हटलं, "तुम्हाला कुठं आत जायचंय? बाहेर बाकावर बसायचं आहे." म्हणाल्या, "हो, बाहेरच." आणि जरा सावरल्या.

परीक्षेचे भाग दोन. पहिला वेन्यानं बरा दिला, मध्ये सुट्टी झाली. दार उघडंच होतं. त्या मिसेस पेनरोज म्हणजे पांढऱ्या केसांची, लोकरी स्वेटरमधली अगदी प्रेमळ बाई. एवढा धिप्पाड माणूस पानासारखा कापतोय हे पाहून तिला दया आली. दुसऱ्या भागाला बसण्याआधी हसून म्हणाली, 'पाय मोडो तुझा!'

वेन्याच्या चेहऱ्यावर सूर्य उगवला. आपल्या वर्गातला वाक्प्रचार, खऱ्या इंग्रज बाईच्या तोंडून! तो ताडकन उभा राहिला, हात छातीवर ठेवला, मान लववली आणि बाईंनी घोटून घेतलेल्या स्पष्ट इंग्रजीत, एकही अक्षर न खाता म्हणाला, "मॅडम, जा सैतानाकडे!"

हसताय. आम्ही नाही हसलो.

बाईंनी त्याला शुभेच्छा शिकवली होती. तिला तिकडं उत्तरच नसतं, हे कुणी शिकवायचं? इतकी वर्षं आपल्यापैकी कुणाच्या स्वप्नात तरी आलं होतं का, की जगात कुठंतरी माणसं शुभेच्छा घेऊन नुसतीच गप्प बसतात म्हणून?

वेन्या हसत बाहेर आला. "बाई, त्या म्हणाल्या ना, पाय मोडो! मी पण नीट उत्तर दिलं. पण त्या फाइल मिटून का बसल्या कळेना. बाहेर थांब म्हणाल्या."

पाठोपाठ कंपनीचा एजंट आला. आपलाच माणूस, चामडी जाकीट घातलेला. "कोरेल्स्की तूच ना? घरी जा. एवढ्या मोठ्या वयाच्या बाईला शिव्या देतोस?"

मी म्हटलं, "अहो, शिव्या कसल्या? तुम्हाला ठाऊक आहे की! आत जाऊन दोन वाक्यं सांगा."

"काय सांगू? आमच्यात चांगल्या माणसाला सैतानाकडे पाठवतात, असं? ती मलाही त्याच्याबरोबर पाठवील. मला यात पाडू नका, काकू. जहाज दोन दिवसांत सुटतंय, ती संध्याकाळच्या विमानानं चाललीय, आणि माझ्याकडे अजून अर्धा व्हरांडा उमेदवार आहेत." आणि गेला सिगारेट ओढायला.

वेन्याला तोवर कळलं होतं. तो भिंतीला टेकून खाली बसला. कान लाल झाले होते. "लुस्याला काय सांगू?" एवढंच म्हणाला. मग पुन्हा तेच.

मी रिम्मा सावेल्येव्नांकडे पाहिलं. त्या दाराकडे पाहत होत्या.

"फाइना, तू जा."

"मी? बाई, मला चहा मागता येतो आणि स्टेशनचा रस्ता विचारता येतो. सैतानाचं प्रकरण माझ्याच्यानं निस्तरेल का?"

"तिला माझं कळलं नाही तर?"

"नाही कळलं तर वेन्या आत्ता जिथं आहे तिथंच राहील."

"वेन्याचं नाही म्हणत मी," त्या म्हणाल्या. "म्हणजे वेन्याचंही. पण तिला कळलं नाही, तर उद्या मी वर्गात कुठल्या तोंडानं उभी राहू? मला माहीत नाही तोवर मी शिकवू शकते गं. एकदा कळलं की नाही शिकवू शकणार."

खरं सांगते, मला त्यांना ओढत परत बसमध्ये न्यावंसं वाटलं. माणसाचं एवढं सगळं एका दाराआड पणाला लागलेलं मी दुसऱ्यांदा पाहणार नाही. पण त्यांनी वेन्याकडे एकदा पाहिलं, रुमाल काढून कोटाच्या खिशात कोंबला, दार ठोठावलं आणि आत गेल्या. दार लावायचंसुद्धा भान राहिलं नाही, म्हणून मी हे तुम्हाला सांगू शकते.

मिसेस पेनरोजनी वर पाहिलं. मग आपल्या बाई बोलायला लागल्या. 'आपण कृपा करून' म्हणाल्या आणि थांबल्या. मग पुढं गेल्या. शिकारी सांगितला, जंगलाचे कान सांगितले, पंख आणि पीस सांगितलं. माझं इंग्रजी ते काय, पण मला सगळं कळत होतं, कारण त्यातले निम्मे शब्द आमच्या महिन्यांमधलेच होते. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या शुभेच्छेला तो उत्तर न देता राहिला असता, तर आमच्याकडे ते उद्धट ठरलं असतं. त्याच्याजवळ जेवढी म्हणून रीत आहे, तेवढी सगळी त्यानं तुमच्यापुढं ठेवली."

मिसेस पेनरोजनी पेन खाली ठेवलं. विचारलं, "तुम्ही तुमच्या आईलाही सैतानाकडे पाठवता?"

"आईला तर सगळ्यात आधी," बाई म्हणाल्या.

आणि ती इंग्रज बाई हसली. अशी हसली की एजंट सिगारेट टाकून धावत आला. मग तिनं खुर्ची ओढून बाईंना बसवलं. आणखी काहीबाही विचारलं, लग्नात काय म्हणता, मासेमारीला जाताना काय म्हणता. बाई सांगत होत्या, ती विचारत होती. व्हरांड्यातले उमेदवार चुळबुळायला लागले तेव्हा कुठं तिला परीक्षा आठवली. वेन्याला आत बोलावलं, पंपाबद्दल विचारलं, आणि पंपाबद्दल वेन्याला कुठल्याही भाषेत अडवून दाखवा! तो निवडला गेला. आज तो सिंगापूरच्या वाटेवर कुठंतरी आहे आणि घरी आला की लेकीला इंग्रजीत रागावतो, अशी लुस्याची तक्रार आहे.

गावात ही गोष्ट इथंच संपवतात. सैतान, हशा, वेन्याला नोकरी. मी इथं थांबले तर आल्बिना गेन्रिखोव्नांना घड्याळ परत बांधता येईल. पण मला सांगायचं होतं ते याच्या पुढचं.

आम्ही बाहेर आलो. द्वीना नदीवरून वारा सुटला होता. वेन्या टेलिफोन शोधायला पळाला. बाईंच्या कोटाची बटणं एक घर चुकून लागली होती. मी म्हटलं, "बाई, वेन्याचं काम झालं! अभिनंदन!" त्यांचं लक्षच नव्हतं. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

"फाइना, ती समजली. मी बोलले आणि ती समजली. एकदाही 'पुन्हा सांगा' म्हणाली नाही."

"पाहिलं मी."

"निघताना काय म्हणाली, ऐकलंस? म्हणाली, तुम्ही अगदी माझ्या आजीसारखं बोलता."

मला राग आला. मी म्हटलं, "हे काय बोलणं झालं? जुनाट म्हणाली तुम्हाला! तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

रिम्मा सावेल्येव्ना माझ्याकडे वळल्या. वर्गात ज्यांच्या डोळ्यांत आम्ही कधी टिपूस पाहिलं नाही, त्या भर रस्त्यात रडत होत्या आणि हसतही होत्या. म्हणाल्या, "लावून काय घेऊ? अगं, म्हणजे तिच्या घरात कुणीतरी खरंच असं बोलत होतं!"

माझं बोलणं संपलं. रिम्मा सावेल्येव्ना, तुमच्याविषयी बोलायचा मान मला दिला त्याबद्दल अध्यक्षांचे, व्यासपीठावरील मान्यवरांचे, आणि अवघडून का होईना पण शेवटपर्यंत बसलेल्या तुम्हा सर्वांचे मी मनापासून आभार मानते. चहा आणि पिरोग खालच्या मजल्यावर मांडले आहेत, लुस्यानं केले आहेत. बोलण्याच्या भरात कुणाच्या लग्नाचा, घड्याळाचा किंवा तापाचा उल्लेख जास्त झाला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. सत्कारमूर्तींनी तर घ्यावाच. त्यांना न विचारता मी हे सांगितलं, आणि त्या आत्ता मान खाली घालून चष्मा पुसताहेत. पुसा, बाई. आम्ही थांबतो.